टाकीतलं पाणी

खोली पाहायला गेलो त्या दिवशी घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, नोकरीही विचारली नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून वर बोट केलं आणि म्हणाले, "पंख्याखाली झोपायचं नाही. हे मान्य असेल तर पुढचं बोलू."

मी वर पाहिलं. साधा पंखा होता, नीट फिरत होता. त्यांनी तो बंद केला, स्टूल ओढलं, वर चढले आणि खिशातून छोटा पाना काढून छताच्या हुकावर ठोकलं. मग मान तिरकी करून थांबले.

"काय ऐकू आलं?"

"ठक् ठक्."

"मलाही तेच आलं. मागच्या वर्षी टण् टण् यायचं." ते खाली उतरले. "आत गंज आहे. आज पडणार नाही, उद्याही पडणार नाही. पण एक दिवस ठरलेला आहे, तो आपल्याला माहीत नाही एवढंच."

आतून त्यांची बायको म्हणाली, "अहो, त्याला आधी पाणी तरी विचारा."

मी खोली घेतली आणि खाट भिंतीला लावली. तिथे राहिलो तेवढी वर्षं उकाड्याच्या दिवसांत पंख्याचा वारा पायांपर्यंतच यायचा, आणि मी जागा असलो की त्या हुकाकडे बघत असायचो.

ही गोष्ट मुलुंड पूर्वेची, ऐंशीच्या दशकातली. त्यांचं घर एका तीन मजली इमारतीत तळमजल्यावर होतं. पुढची खोली मला भाड्याने दिलेली, मागच्या दोन त्यांच्या, आणि त्यामागे फरशी घातलेलं छोटं अंगण. घरात ते आणि काकू, दोघंच. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. काम दुपारी सुरू व्हायचं, त्यामुळे सकाळी घरी असायचो. या लिखाणातलं बहुतेक सगळं सकाळचं आहे.

भांडुपच्या एका कारखान्यात त्यांचं आयुष्य इन्स्पेक्शन खात्यात गेलं होतं. तयार माल त्यांच्या टेबलावर यायचा. ते वाजवायचे, चांगला असेल तर सोडायचे, नसेल तर त्याच्यावर लाल खडूने फुली मारायचे. निवृत्त झाले तेव्हा खडू घेऊनच घरी आले असावेत, कारण शर्टाच्या खिशात लाल खडू आणि पँटच्या खिशात पाना असल्याशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नाही. देवळात जातानाही.

इमारतीत त्यांच्या फुल्या सगळीकडे होत्या. जिन्याच्या कठड्यावर दोन, गच्चीच्या शिडीवर एक, मुलांच्या झोपाळ्याच्या कडीवर एक. सोसायटीचे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहायचे. त्यांना या फुल्यांचा राग होता. "अहो, पाहुणे विचारतात, इथे काय साथ आली होती का?" ते म्हणायचे. "एक काम करा, माझ्या कपाळावरही मारून ठेवा."

"आधी वाजवून बघावं लागेल," आमचे घरमालक म्हणायचे. ते हसायचे नाहीत, त्यामुळे ही थट्टा आहे की नाही ते समजायचं नाही.

मग एका दुपारी सेक्रेटरींच्याच शेजारच्या बिऱ्हाडात गॅलरीचा कठडा सुटला. बाईंनी त्यावर गोधडी वाळत घातली होती. ओली गोधडी उचलायला त्या पुढे झाल्या आणि कठडा गोधडीसकट खाली आला. बाई हाताला आधार सापडला म्हणून वरच राहिल्या. खाली कोणी नव्हतं. कठड्याचा तुकडा अंगणात पडला होता, त्यावर बाहेरून नवाकोरा हिरवा रंग होता आणि मोडलेल्या जागी आत विटकरी भुगा. रंगाच्या वर लाल फुली.

त्या दिवसापासून सेक्रेटरींनी थट्टा थांबवली. लोक जिना चढताना कठड्याला हात लावेनासे झाले. म्हाताऱ्या माणसांनाही त्यावर हात ठेवायची भीती वाटायची. घरमालक मात्र त्या प्रकरणावर एवढंच बोलले. "रंग बघत बसू नका. रंगाखाली काय चाललंय ते बघा."

त्यांच्या घराच्या पूर्वेला थोडं चाललं की मिठागरं लागायची. दुपारनंतर तिकडून वारा सुटायचा. सगळ्या इमारतीला तो आवडायचा, बायका दारं उघडून बसायच्या. ते खिडक्या लावून घ्यायचे. "मीठ येतंय," म्हणायचे. काकूंना या वाऱ्यासाठी वेगळी शिस्त लावलेली होती. तवा धुतला की लगेच पुसायचा. विळी पुसायची. किल्ल्या ओल्या हाताने उचलायच्या नाहीत. लोखंडी स्टुलावर पाण्याचा तांब्या ठेवायचा नाही. लोखंडावर पाणी दिसलं की पुसायचं, मग ते कोणाचंही असो, कुठेही असो. लग्नानंतर पहिल्या महिन्यात शिकवलेला हा धडा काकू मला सांगायच्या तेव्हा हसायच्या, आणि हसता हसता हातातला अडकित्ता पदराने पुसायच्या.

हा सगळा पहारा ज्या एका वस्तूसाठी होता ती अंगणात ताडपत्रीखाली उभी असायची. जुनी, जड, काळी मोटारसायकल. त्यांनी ती तरुणपणी घेतली होती. ती सुरू झाली की माझ्या खोलीतल्या मांडणीवरचे कप वाजायचे.

दरवर्षी नवरात्र संपलं की ते तिला पूर्ण खोलायचे. पावसाळ्याने जिथे जिथे दात लावला असेल तिथला रंग तारेच्या ब्रशने खरवडायचा, पॉलिश पेपरने घासायचं, लोखंड रुप्यासारखं दिसेपर्यंत. मग गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की काळा रंग, मग पुन्हा घासणी, पुन्हा काळा. मडगार्ड, साखळीचं झाकण, स्टँड, सगळं अंगणातल्या तारेवर आकड्यांनी टांगलेलं असायचं आणि शेजारी काकूंची पातळं. या कामाचा त्यांचा एक नियम होता. घासून उघडं केलेलं लोखंड वाऱ्याला दाखवायचं नाही. सकाळी जेवढं खरवडलं तेवढ्याला वारा सुटायच्या आत रेड ऑक्साइड लागलाच पाहिजे. उघडं लोखंड ठेवून ते जेवायला बसत नसत. बोटही लावू देत नसत.

"घामात मीठ असतं, पेपरवाले. तुम्ही आज बोट लावाल, उद्या तिथे तुमचा ठसा उमटलेला दिसेल. चोर सापडावा तसा."

मी हात मागे घ्यायचो. हळूहळू त्यांची भीती माझ्यात उतरली. ऑफिसात मी खुर्चीवर बसण्याआधी तिचा पाय पेनने वाजवून बघायला लागलो होतो. आमचे वृत्तसंपादक एकदा म्हणाले, "काय रे, टेबलाला ताप आहे का?" सगळे हसले, मीही हसलो. पेन मात्र वाजवायचं थांबलं नाही.

काकूंना त्या गाडीची वेगळी भीती होती. दसऱ्याला त्या मागे बसायच्या, देवळापर्यंत, वर्षातून एकदाच. जाताना दोन्ही हातांनी सीटचा पट्टा धरायच्या आणि डोळे मिटायच्या. "विकून टाका म्हटलं तर दोन दिवस जेवत नाहीत," त्या मला म्हणाल्या होत्या. "नाहीतर ती बाहेर गेली की मी जेवत नाही. एकाने तरी जेवायला हवं ना घरात."

एका सकाळी मला पेट्रोलच्या वासाने जाग आली. मागे गेलो. ते दूध आणायला गेले होते. अंगणात मोटारसायकलखाली ओल पसरत होती आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागायला हातभर उरली होती. आत स्टोव्ह पेटलेला होता. काकू पुढे झाल्या, स्टोव्ह बंद केला, मग वाकून टाकीखालचा पेट्रोलचा कॉक सराईतपणे फिरवून बंद केला. रबरी नळी सुटली होती, तीही लावली. त्यांच्या हालचालीवरून दिसलं की हे पहिल्यांदा होत नाही.

"कॉक उघडा राहिला होता?" मी विचारलं.

"राहतो कधीकधी." त्या फरशीवर माती टाकत होत्या. "त्यांना बोलू नकोस हं. मी बघते सगळं."

"कधीपासून?"

त्या केरसुणी घेऊन आल्या. माती केरसुणीने गोळा केली, पाण्याने फरशी धुतली, आणि मग सवयीने गाडीचा स्टँड पुसून कोरडा केला.

ते दूध घेऊन आले तेव्हा अंगण स्वच्छ होतं. त्यांनी नाक वर करून वास घेतला. काकूंकडे पाहिलं. दूध त्यांच्या हातात दिलं.

त्यानंतर मला त्या घरात दोन पहारे दिसू लागले. ते लोखंडावर पहारा ठेवायचे, आणि काकू त्यांच्यावर. ते कडी लावायचे, काकू मागून ती ओढून बघायच्या. ते नळ बंद करायचे, काकू जाऊन आणखी एक पीळ द्यायच्या. विसरलेलं काम त्या असं करून ठेवायच्या की ते विसरलं होतं हेच कळू नये. आणि मी पुढच्या खोलीत सकाळची झोप घेताना कानोसा घ्यायचो, की दोघांच्याही हातून काही निसटलं तर काय.

त्या वर्षी नवरात्रानंतर गाडी खोलली तेव्हा पेट्रोलच्या टाकीच्या बुडाला बारीक भोकं निघाली. आतून गंज. त्यांनी टाकीत बारीक खडी घातली आणि तास तास मांडीवर घेऊन हलवत बसले. खडीने आतले पापुद्रे सुटले, पण काही कोपऱ्यांत राहिले. हे पापुद्रे पेट्रोल प्यायलेले होते. सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुऊनही आत नाक घातलं की वास यायचा. भोकं बुजवायला गॅसवर पितळी झाळ लावणं भाग होतं.

"पेट्रोल जळत नाही, पेपरवाले. त्याची वाफ जळते," त्यांनी मला सांगितलं. "भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. तिला ज्योत लावली तर टाकी राहत नाही आणि लावणाराही राहत नाही. म्हणून पाणी भरायचं. काठोकाठ. झाळेपुरती बोटभर जागा सोडायची. पाणी असलं की वाफेला बसायला जागा नाही."

आदल्या संध्याकाळी त्यांनी टाकी अंगणात दोन विटांवर उलटी ठेवली. झाकण रबर घालून घट्ट केलं, कॉकच्या भोकातून नरसाळ्याने पाणी भरलं. माझी त्या दिवशी सुट्टी होती. मी पाहिलं. पाणी काठाला आलं तेव्हा त्यांनी पान्याने वाजवलं. बोदा आवाज आला. "पास," ते म्हणाले.

काकू तेव्हा शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, इथे क्रमाने लिहितो. ते शेलारांना आणायला भांडुपला गेले. शेलार आधी गिरणीत फिटर होते, संपानंतर त्यांनी वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. काकू अंगणात कपडे वाळत घालायला आल्या आणि त्यांना टाकी दिसली. त्यांनी वाकून पाहिलं. आत पाणी. लोखंडात रात्रभर पाणी, आणि तेही त्यांच्या टाकीत. काकूंच्या मनात दुसरा कुठला विचार येणं शक्य नव्हतं. ते टाकी धुऊन पाणी ओतायला विसरले होते.

त्यांनी टाकी उचलून पाणी ओतलं. आतून जमेल तेवढी फडक्याने टिपली. उन्हात ठेवली, चांगली तापू दिली. मग जशी होती तशी, त्याच दोन विटांवर, उलटी ठेवून दिली, झाकण घट्ट करून, म्हणजे त्यांना कळू नये. आणि चहा टाकायला आत गेल्या.

शेलार आले. सिलिंडरची हातगाडी बोळातून आत घेताना त्यांनी मला हाक मारली, "ओ साहेब, जरा बाजूक व्हा, नायतर उद्याच्या पेपरात तुमचाच फोटो येतलो."

मी उंबऱ्यात उभा राहिलो. शेलारांनी टाकीजवळ बैठक मारली, नळ्या जोडल्या, चष्मा डोळ्यांवर ओढला. "पाणी भरलंहा ना?"

"काल संध्याकाळी. माझ्या हाताने," ते म्हणाले.

"मग झाला. तुमच्या हाताचा म्हणजे बघूक नको."

हे शेलार दुसऱ्या कोणाला म्हणाले नसते. दुसऱ्याची टाकी त्यांनी स्वतः हलवून पाहिली असती. पण इमारतीतल्या फुल्या, तो पडलेला कठडा, सगळं त्यांना माहीत होतं. या माणसाने पाहिलेलं पुन्हा पाहायचं नसतं, असा भांडुपपासून मुलुंडपर्यंत त्यांचा लौकिक होता.

शेलारांनी ज्योत पेटवली. आधी पिवळी, धुराची. मग चावी फिरवत ती निळी, अणकुचीदार केली. तिचा फरफर आवाज अंगणात भरला. त्यांनी ती टाकीच्या दिशेने नेली. मी पाहत होतो आणि मला कसलीच भीती वाटत नव्हती. त्या घरात मला भीती वाटली नाही अशी तेवढीच वेळ आठवते.

"थांब," ते म्हणाले.

शेलारांचा हात थांबला. घरमालकांनी खिशातून पाना काढला, वाकले आणि टाकीवर ठोकलं.

टण्.

लांब, स्वच्छ, घंटेसारखा आवाज. आयुष्यभर याच आवाजाला त्यांनी पास म्हटलं होतं. ते तसेच वाकलेले राहिले. शेलारांनी ज्योत पाठीमागे नेली आणि विझवली. मग चष्मा वर केला. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"साहेब," ते म्हणाले, "माझी दोन पोरां आसत ओ."

घरमालक सरळ झाले. कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "मी भरलं नाही. मला वाटलं भरलं. मला पाणी दिसतंय अजून, नरसाळं दिसतंय. आणि मी भरलंच नाही."

मी सांगणार होतो की मी पाहिलंय. पण तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन काकू दारात आल्या होत्या. त्यांनी विझलेली ज्योत पाहिली, शेलारांचा चेहरा पाहिला, आणि नवऱ्याचं शेवटचं वाक्य ऐकलं. गप्प राहिल्या असत्या तर ते स्वतःला दोष देत बसले असते. काकूंनी ट्रे खाली ठेवला.

"भरलं होतंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी ओतलं."

"का?"

"लोखंडात पाणी होतं म्हणून."

"मला विचारलं का नाहीस?"

काकू ट्रेमधले कप सरळ करू लागल्या. ते त्यांच्याकडे बघत राहिले. हुकाकडे बघायचे तसे, मान तिरकी करून.

"आणखी काय काय निस्तरतेस माझ्यामागे?"

"काही नाही हो."

"मला पेट्रोलचा वास आला होता त्या दिवशी," ते म्हणाले. "माती कुठे टाकलीस तेही दिसलं होतं. मला वाटलं, मला काही कळलं नाही असंच दाखवावं. नाहीतर तू घाबरशील."

शेलार उठून हातगाडीच्या पलीकडे गेले आणि नळ्या गुंडाळू लागले. काकूंनी पदर तोंडाला लावला, पण रडल्या नाहीत.

नंतर मी त्यांना विचारलं, भरल्याचं इतकं स्पष्ट आठवत होतं, तर मग का वाजवलंत? ते म्हणाले, "स्पष्ट आठवत होतं म्हणूनच. हल्ली जे स्पष्ट आठवतं त्याचीच मला भीती वाटते."

टाकी दोन दिवसांनी झाळली गेली. शेलार यायला तयार नव्हते, काकू स्वतः जाऊन बोलावून आल्या. या वेळी पाणी काकूंनी भरलं, त्यांनी वाजवलं, मग शेलारांनी हलवून पाहिलं, आणि मग ज्योत पेटली. रंगाचे हात दोघांनी मिळून दिले. वारा सुटायच्या आत रेड ऑक्साइड लागला. दिवाळीच्या आधी गाडी उभी राहिली तेव्हा तिच्यात मान खाली घालून पाहिलं तर चेहरा दिसत होता.

गाडीची किल्ली त्यांनी स्वतः काकूंच्या कमरेच्या छल्ल्यात अडकवली. म्हणाले, "द्यायच्या आधी मला वाजवून बघत जा."

"म्हणजे कसं?"

"विचार काहीतरी. कुठे जाणार, कसा जाणार. आवाज बरोबर आला तरच दे."

तसं सुरू झालं. ते गाडी बाहेर काढायचे, आणि काकू दारात उभ्या राहून विचारायच्या. आज वार कोणता. भाजीत काय आणायचं. पेट्रोल कधी भरलं. ते कारखान्यातल्या साहेबाला उत्तर द्यावं तसं ताठ उभे राहून सांगायचे. सेक्रेटरी वरून म्हणायचे, "वहिनी, पाढेही म्हणून घ्या." कोणी हसायचं नाही. मी खोलीत कपडे करता करता थांबायचो, उत्तर येईपर्यंत.

त्याच्या पुढच्या थंडीतली एक सकाळ. त्यांना ठाण्याला जायचं होतं, मित्राकडे. गाडी पुसून झाली होती. मी पायरीवर पेपर वाचत होतो.

"कसे जाल?" काकूंनी विचारलं.

"रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला. मग मोठा रस्ता, उजवीकडे. चेकनाका गेला की तीन हात नाका, मग डावीकडे."

"बरोबर." काकूंनी छल्ल्यातून किल्ली काढली. हात पुढे करता करता त्यांनी सहज विचारलं, "आणि परत कसे याल?"

ते उभे राहिले. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला उत्तर ठाऊक होतं, कोणालाही ठाऊक असतं, तोच रस्ता उलटा. मी पेपरात बघत राहिलो. बोळातून एक रिक्षा मागे सरकत होती, तिचा आवाज संपला तरी ते बोलले नाहीत.

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून लाल खडू काढला. गाडीभोवती एक फेरी मारली, मडगार्ड पाहिलं, टाकी पाहिली, स्टँड पाहिला. कुठेच दोष नव्हता. शेवटी त्यांनी खडू काकूंपुढे धरला.

काकूंनी तो घेतला नाही. "हा राहू दे तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडे."

त्यांनी मान हलवली. खडू खिशात ठेवला, ताडपत्री उचलली. गाडी झाकण्याआधी पाना काढून टाकीवर एकदा ठोकलं आणि मान तिरकी केली. आवाज बोदा आला. टाकी भरलेली होती.